सायकलीवरची डॉक्टरमंडळी आणि कोळशाचा हिशेब

२०२१ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस लंडनहून काही डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांतील इतर कर्मचारी सायकलींवर बसून उत्तरेकडे निघाले. ही सारी मंडळी मुलांच्या रुग्णालयांत काम करणारी होती. जायचे होते स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी. तेथे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरील सव्विसावी परिषद ३१ ऑक्टोबरला सुरू व्हायची होती. अंतर सुमारे ८०० किलोमीटर आणि हंगाम पावसापाण्याचा. मुलांच्या प्राणांसाठी काढलेली ही फेरी आहे, असा अर्थ तिच्या 'राइड फॉर देअर लाइव्ह्ज' या नावातच होता. त्यांच्याजवळ मुख्यतः दोन कागद होते. एक, जागतिक आरोग्य संघटनेचा हवामान व आरोग्य यांवरील अहवाल. दुसरे, जगभरच्या साडेचारशेंहून अधिक वैद्यकीय संघटनांनी सह्या केलेले पत्र. या संघटनांच्या सभासदांची बेरीज साडेचार कोटींच्या घरात जाते, असे सांगण्यात आले. पत्राला 'औषधाची चिठ्ठी' असे रूप दिले होते, आणि चिठ्ठीत औषधही स्पष्ट लिहिले होते. कोळसा, तेल आणि वायू यांना दिली जाणारी अनुदाने व परवाने थांबवा; श्रीमंत राष्ट्रांनी अधिक मोठी कपात करावी; गरीब राष्ट्रांना कबूल केलेला पैसा द्यावा.

अशा यात्रांकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत, आणि दोन्ही आळशी आहेत. पहिली रीत कट्टर क्रांतिकारकाची. तो म्हणतो, चांगल्या पगाराची माणसे महागड्या सायकलींवरून आठ दिवस हिंडली आणि छायाचित्रे काढून परत आली. भांडवलशाहीचा एक केसही वाकडा झाला नाही. दुसरी रीत भाबड्या सज्जनाची. प्रत्येकाने सायकल चालवली, दिवे वेळीच मालवले आणि अंगणात एक झाड लावले की प्रश्न सुटला, असे त्याला मनापासून वाटते. डॉक्टरांनी मात्र लोकांना सायकल चालवा असे सांगितले नव्हते. त्यांनी सरकारांना कोळसा सोडा असे सांगितले होते. सायकल हे उत्तर नव्हते, ते निरोप पोहोचविण्याचे साधन होते. हा फरक ज्याला कळला नाही त्याला या घटनेचे महत्त्वही कळणार नाही.

डॉक्टरांनी हा निरोप नेण्यालाही अर्थ आहे. लंडनच्या ल्युइशम भागात, सतत वाहत्या मोठ्या रस्त्याजवळ, एला किसी-डेब्रा नावाची मुलगी राहत असे. दम्याच्या झटक्यांनी तिला पुनःपुन्हा रुग्णालयात न्यावे लागे. २०१३ च्या फेब्रुवारीत ती वारली. वय ९ वर्षे. तिच्या आईने हट्टाने पाठपुरावा केला, आणि २०२० च्या डिसेंबरात मृत्युन्यायाधिकाऱ्याने निर्णय दिला की या मृत्यूला हवेचे प्रदूषण कारण झाले. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणांत प्रदूषित हवा नोंदली जाण्याची ही पहिलीच वेळ होती. तिच्या नावाने ओळखले जाणारे शुद्ध हवेच्या हक्काचे विधेयक २०२२ साली लॉर्ड्सच्या सभागृहात मंजूर झाले, पण कॉमन्समध्ये अडून पडले. ज्या सभागृहाला लोकांनी निवडून दिलेले नाही तेथे ते तरले, आणि ज्याला लोकांनी निवडून दिले तेथे बुडाले. लोकशाही समाजवाद्यांनी यावर थोडे अंतर्मुख व्हावे.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही गोष्ट जुनी आहे. एकाने केलेल्या उत्पादनाचा किंवा उपभोगाचा खर्च तिसऱ्याच्या अंगावर पडतो आणि बाजाराच्या किमतीत तो कोठेच दिसत नाही, हे केंब्रिजच्या पिगूने १९२० साली मांडले. त्याचा उपाय कराचा होता. जेवढे नुकसान तेवढा कर, की हिशेब जुळला. पण हे नुकसान अपवादाने होत नसून नफ्याच्या अर्थव्यवस्थेचा तो नित्यक्रमच आहे, हे ठामपणे सांगण्यासाठी १९५० साल उजाडावे लागले. त्या वर्षी कार्ल विल्यम काप यांचा खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काप यांचा रोख असा की, खर्च दुसऱ्यावर ढकलता येणे हाच नफ्याचा एक मोठा झरा आहे. त्यास बाजारातील किरकोळ दोष मानणे ही अर्थशास्त्रज्ञांची स्वतःची सोय आहे. आपल्या विद्यापीठांतून पिगू शिकवला जातो. काप यांचे नावही बहुतेक पदवीधरांच्या कानांवर पडत नाही. २००६ साली निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात हवामानबदल हे बाजाराचे आजवरचे सर्वांत मोठे अपयश असल्याचे म्हटले, तेव्हा जगाला ते नवे वाटले.

या खर्चाची वही कोणाच्या हाती असते? ती बालरुग्णालयाच्या हाती असते. कारखान्याच्या ताळेबंदात न आलेली रक्कम तेथे श्वासनलिकेची सूज म्हणून, अपुऱ्या वजनाचे बाळ म्हणून जमा होते. तेव्हा हे डॉक्टर परोपकाराच्या भावनेने निघालेले भाविक नव्हते. न भरलेले बिल घेऊन वसुलीस निघालेले ते कारकून होते, असे म्हटले तर त्यांचा अपमान होऊ नये.

समाजवाद्यांना तर सायकलीची ही वापरणूक परकी वाटण्याचे कारणच नाही. रॉबर्ट ब्लॅचफोर्डने १८९१ साली मँचेस्टरमध्ये 'क्लॅरियन' हे समाजवादी साप्ताहिक काढले. त्याच्या वाचकांपैकी काही तरुणांनी १८९४ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम येथे सायकल मंडळ स्थापले. रविवारी गिरणीतून सुटलेली ही पोरे साप्ताहिकाचे गठ्ठे आणि पुस्तिका सायकलींना बांधून खेड्यापाड्यांत जात, चौकात सभा घेत. साप्ताहिकाचा खप आणि पक्षाचा प्रचार दोन चाकांवरून होत असे. आपल्या साप्ताहिकांच्या वर्गणीदारांची आजची स्थिती पाहता हा इतिहास जरा सविस्तर वाचण्याजोगा आहे! ब्लॅचफोर्ड स्वतः पुढे युद्धज्वरात वाहवत गेला, पण मंडळ टिकले. १९३८ साली दोन क्लॅरियन सायकलस्वारांनी ग्लासगोहून निघून स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी मदत जमवीत थेट बार्सिलोना गाठले. म्हणजे राजकीय हेतूने काढलेली लांब पल्ल्याची सायकलफेरी ग्लासगोला नवी नव्हती. फक्त दिशा उलटी होती. आणि योगायोग असा की, ज्या २०२१ साली डॉक्टर ग्लासगोला निघाले, त्याच वर्षी या सव्वाशे वर्षांच्या राष्ट्रीय क्लॅरियन मंडळाने आपल्या घटनेतून समाजवादाचा उल्लेख बहुमताने काढून टाकला. सायकली राहिल्या, शब्द गेला. काही सभासदांनी वेगळी चूल मांडली ती यावरूनच.

ग्लासगोत पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे, पण त्याचा अर्थ लावताना आपल्या देशात मोठी गल्लत होते. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी ठरावाचा मसुदा मंजुरीस आला तेव्हा कोळशाचा वापर क्रमाने 'संपविण्याची' भाषा त्यात होती. अखेरच्या तासात भारताच्या प्रतिनिधीने, चीनच्या संमतीने, ती बदलून क्रमाने 'कमी करण्याची' केली. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा गळा दाटून आला आणि पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी भारताला खलनायक ठरविले.

हा आरोप अर्धसत्य होता. ठरावात फक्त कोळशाचे नाव घ्यायचे आणि तेल-वायूला हातही लावायचा नाही, ही श्रीमंत राष्ट्रांची सोयीस्कर नीती होती, कारण कोळसा प्रामुख्याने आशियात जळतो आणि तेल-वायूवर त्यांचे स्वतःचे संसार चालतात. २००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पासून दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले होते. श्रीमंत देशांच्या स्वतःच्याच आर्थिक संघटनेच्या मोजणीनुसार तो आकडा २०२२ साली प्रथम गाठला गेला, आणि त्यातील मोठा भाग कर्जाचा होता. ज्याने घर पेटवले त्याने पाण्याचे पैसे व्याजाने द्यावे, असा हा न्याय. २०२४ साली बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचे नवे वचन निघाले तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने ते फेटाळले. त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच करावयास हवे. दरमाणशी हिशेब केला तर भारतीय माणसाच्या नावे वर्षाला सुमारे २ टन कार्बन वायू पडतो, अमेरिकनाच्या नावे सुमारे १४ टन. अमेरिकेने तर २०२५ च्या जानेवारीत पॅरिस करारातून दुसऱ्यांदा अंग काढून घेण्याचा हुकूम काढला.

परंतु येथेच थांबणे हा आपल्या राज्यकर्त्यांचा आवडता उद्योग आहे, आणि समाजवाद्यांनी त्यांच्या सुरात सूर मिसळण्याचे कारण नाही. दरमाणशी २ टन ही सरासरी आहे. ज्या देशात २०२२-२३ साली वरच्या एक टक्क्याच्या हाती राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के हिस्सा होता, त्या देशात सरासरी म्हणजे श्रीमंताने पांघरलेली गरिबाची घोंगडी. परिषदेत भारताची बाजू ज्या शेतमजुराच्या नावाने मांडली जाते तो त्या २ टनांपैकी कितीसे जाळतो? २०११ च्या जनगणनेत ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार. मोटारवाल्याने जगापुढे सायकलवाल्याच्या पाठीमागे दडावे आणि घरी परतल्यावर त्याच सायकलवाल्याला रस्त्यावरून हुसकावून लावावे, असा हा प्रकार आहे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथे आज सायकल चालवणारा कामगार जीव मुठीत धरून जातो, ते कोणत्याही जागतिक कटामुळे नव्हे.

आणि सायकलीचाच विषय निघाला आहे तर कोळसा वाहणाऱ्या सायकलींचाही काढला पाहिजे. पूर्वी बिहारात आणि आता झारखंडात असलेल्या गोड्डा जिल्ह्यातील माणसांविषयी पी. साईनाथ यांनी १९९० च्या दशकात लिहिले. खाणींच्या आसपास टाकून दिलेला कोळसा वेचायचा, अडीचशे किलोपर्यंतचा बोजा एका सायकलीवर रचायचा, आणि ती सायकल चालवत नव्हे तर ढकलत, चढ-उतारांवरून पन्नासेक किलोमीटर न्यायची. दिवसाची कमाई दहा-एक रुपये. झारखंडच्या रस्त्यांवर अशा सायकली त्यानंतरही दिसत राहिल्या आहेत. त्याच गोड्डात २०२३ साली अदानी उद्योगसमूहाचे १६०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र सुरू झाले. त्याची वीज बांगलादेशला विकण्यासाठी, आणि त्याचा कोळसा परदेशांतून जहाजाने ओडिशाच्या बंदरात आणून तेथून रेल्वेने. पायाखाली कोळसा असलेल्या जिल्ह्यात समुद्रापारचा कोळसा जळतो, वीज सीमेपलीकडे जाते, राख आणि धूर तेवढे जागेवर राहतात. कोळसा हा देशाच्या गरिबीवरचा उपाय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या जिल्ह्याचा एकदा अभ्यास करावा.

कोळसा जाणार हे मात्र खरे, आणि तो कोणाच्या अटींवर जाणार हा समाजवाद्यांचा खरा प्रश्न आहे. ब्रिटनचा अनुभव येथे मोलाचा, कारण तो दोन्ही बाजूंनी बोलतो. जगातील पहिले सार्वजनिक कोळसा-वीजकेंद्र लंडनच्या होबर्न व्हायाडक्ट येथे १८८२ साली निघाले. ब्रिटनचे अखेरचे, रॅटक्लिफ येथील, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. एकशे बेचाळीस वर्षांत वर्तुळ पुरे झाले. पण खाणी त्याआधीच संपल्या होत्या, आणि त्या हवामानासाठी संपविल्या गेल्या नाहीत. १९८४ च्या मार्चमध्ये वीस खाणी बंद करण्याची घोषणा झाली, वर्षभर संप चालला, आणि थॅचरबाईंच्या सरकारने तो मोडून काढला. ज्या गावांचे जीवन खाणीवर होते त्यांना दुसरे काही दिले गेले नाही. त्या गावांतील नातवंडांना 'पर्यावरण' हा शब्द ऐकला की आजोबांची बेकारी आठवत असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा?

सायकलीवर निघालेले डॉक्टर ज्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे नोकर, ती सेवा उभारणारा अन्यूरिन बेव्हन हा स्वतः तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला मुलगा होता. वेल्समधील त्याच्या ट्रेडेगर गावी खाणकामगार मजुरीतून वर्गणी काढून आपली वैद्यकीय मदत संस्था चालवीत. १९४८ साली देशभर मोफत उपचार सुरू झाले ते याच नमुन्यावर. म्हणजे कोळशाच्या मजुरीतून जी रुग्णालये उगवली त्याच रुग्णालयांतील माणसे आज कोळसा बंद करा म्हणून निघाली आहेत. यात विसंगती नाही, परंतु एक ऋण आहे. ते फेडायचे तर 'कोळसा बंद करा' या मागणीशेजारी त्याच जाडीच्या अक्षरांत 'खाणकामगाराचे वेतन, निवृत्तिवेतन आणि पर्यायी काम यांची हमी आधी द्या' हे लिहिले गेले पाहिजे. डॉक्टरांच्या पत्रात न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख होता हे खरे. पण त्या उल्लेखाला हाड-मांस देण्याचे काम कामगार संघटनांचे, आणि त्या त्याबाबत फार मागे आहेत.

डॉ. राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्याला तीन साधने सांगितली होती : फावडे, मत आणि तुरुंग. सायकलयात्रा यांत कोठे बसते? ती बसते फावड्याच्या रकान्यात. ते विधायक काम आहे, लोकशिक्षण आहे. मताचा रकाना ब्रिटनमध्ये अगदीच मोकळा नाही. २००८ चा हवामान कायदा हा लोकांनी आपापल्या खासदारांना पत्रांनी व भेटींनी बेजार केल्यामुळे झाला, आणि उत्सर्जनाचे बंधन कायद्याने स्वतःवर घालून घेणारा तो पहिला मोठा देश ठरला. तिसऱ्या रकान्याची कथा मात्र निराळी आहे. २०२२ आणि २०२३ साली तेथे निदर्शनांविरुद्ध दोन कडक कायदे झाले. लंडनभोवतीचा महामार्ग रोखण्याचा बेत आखल्याबद्दल २०२४ च्या जुलैत पाच जणांना चार ते पाच वर्षांच्या शिक्षा ठोठावण्यात आल्या; अपिलात पुढे त्या काहीशा घटल्या. तेलसाठ्याच्या दारात मनाईहुकूम मोडून बसलेल्या एका डॉक्टर स्त्रीला तुरुंगवास झाला, आणि वर तिची वैद्यकीय नोंदणीही काही महिने निलंबित झाली. सायकलवरून आलेल्या डॉक्टरांचे स्वागत आणि रस्त्यावर बसलेल्या डॉक्टरला तुरुंग. दोघींचा निरोप एकच होता.

आपल्याकडेही हेच. सोनम वांगचुक बर्फात उपोषणास बसले तोवर ते कौतुकाचा विषय होते. २०२४ च्या सप्टेंबरात ते लडाखहून चालत दिल्लीच्या वेशीवर आले आणि त्यांना तेथेच ताब्यात घेण्यात आले; २०२५ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावला गेला.

महाराष्ट्राला सायकलयात्रेचे धडे इंग्लंडकडून घेण्याची गरज नाही. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे शंभराहून अधिक तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बाबांच्या पाठीचा कणा त्यांना बसूही देत नव्हता. ते वाहनात आडवे पडून बरोबर होते, सायकली तरुणांच्या होत्या. तीन वर्षांनी दुसरी यात्रा ईशान्येकडून पश्चिम किनाऱ्यावरच्या ओख्यापर्यंत गेली. त्या यात्रांनी देश जोडला गेला काय, असा कुत्सित प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. पण त्यानंतर बाबांनी जे केले ते अधिक बोलके आहे. आनंदवन सोडून ते नर्मदेच्या काठी कसरावदला राहावयास गेले आणि धरणाविरुद्धच्या लढ्यात उभे राहिले. जोडण्याची भाषा बोलणाऱ्या माणसाला अखेर एक बाजू घ्यावी लागली, आणि ती घेताच अनेक चाहते दूर झाले. सायकलीवर असेपर्यंत सर्वांचे असणे सोपे असते.

आणि आनंदवन आहे कोठे? वरोऱ्याला, चंद्रपूर जिल्ह्यात, विदर्भाच्या कोळसापट्ट्यात. जवळच चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे सरकारी औष्णिक केंद्र आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे तेथे बातमीचा विषयही उरलेला नाही. केंद्र सरकारने २०१५ च्या डिसेंबरात औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधकावर मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदतवाढींवर मुदतवाढी झाल्या. शेवटी २०२५ च्या जुलैत देशातील सुमारे ७८ टक्के औष्णिक संचांना गंधक शोषणारी यंत्रे बसविण्यापासून सूटच देण्यात आली. प्रदूषित शहरांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक व्हायचा आहे. गंधक म्हणजे कार्बन नव्हे, हे मान्य. ही यंत्रे बसवून पृथ्वीचे तापमान उतरणार नाही. पण धुराडे एकच आहे, आणि मुलाच्या फुप्फुसाला रसायनशास्त्रातील हा भेद कळत नाही. हवेतील सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. भारताचे मानक ४० आहे, आणि तेही अनेक शहरांत पाळले जात नाही.

तेव्हा पक्षाच्या विदर्भातील शाखांना सायकलफेरी काढावीशी वाटली तर ती वरोऱ्याहून चंद्रपूरपर्यंत काढता येईल. अंतर ५० किलोमीटरही नाही, आणि त्यासाठी महागडी सायकल लागत नाही. तीत डॉक्टर हवेत हे उघड आहे. परंतु खाणकामगारांच्या संघटना नसतील तर ती काढूच नये. वाटेतल्या प्रत्येक गावी दोन नोंदवह्या भराव्या लागतील. एकीत प्राथमिक आरोग्य केंद्रातील दम्याच्या मुलांची संख्या. दुसरीत खाणीत आणि वीजकेंद्रात कंत्राटावर राबणाऱ्यांची नावे, त्यांची मजुरी, आणि खाण मिटल्यावर त्यांनी काय करावे याविषयी ठेकेदाराने किंवा सरकारने आजवर जे काही सांगितले असेल ते. दुसरी वही पहिलीपेक्षा लवकर भरेल, कारण तिच्यातला शेवटचा रकाना बहुतेक कोराच राहील.